कोळशाची फायर कशी पेटवायची (आमच्या बोल्टनच्या गल्लीतली पद्धत)

माझ्या भाचीनं इंग्लंडात लँकशायरमध्ये एक जुनं टेरेस घर घेतलंय, म्हणजे रांगेत भिंतीला भिंत लागून असतात त्यातलं, लाल विटांचं, दोन खोल्या खाली दोन वर, आणि बैठकीत जुनी फायरप्लेस अजून चालू आहे म्हणून पोरगी एकदम खूश. पहिल्याच थंडीत तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, जाळीत एक मोठ्ठा ओंडका, खाली पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि खोलीभर इतका धूर की मागचा सोफा दिसत नव्हता. खाली मेसेज, "मावशी, तू लहानपणी बोल्टनला होतीस ना, हे पेटवतात कसं सांग की." फोनवर सांगत बसले असते तर दोन तास गेले असते, म्हणून लिहूनच काढते, अजून कोणाच्या कामाला आलं तर बरंच.

आधी मला हे का येतं ते सांगते. बाबा सोलापुरात गिरणीत होते. १९६२ च्या कायद्यानंतर इंग्लंडला कामाला जायचं तर व्हाउचर, म्हणजे कामासाठीचा सरकारी परवाना, लागायचं, ते मिळालं आणि बाबा बोल्टनला सूतगिरणीत लागले, आई आणि मी १९६७ ला मागून गेलो, मी सात वर्षांची. त्या काळात लँकशायरच्या गिरण्यांमध्ये रात्रपाळीला आपल्याकडची माणसं भरपूर असायची, गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी, मराठी म्हणजे हाताच्या बोटावर. बाबा सकाळी घरी यायचे तेव्हा घर गरम पाहिजे हा आईचा नियम, आणि आईला पहाटे दुसरी शंभर कामं, त्यामुळे फायरचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठव्या वर्षापासून घर सोडेपर्यंत मी रोज सकाळी फायर पेटवली आहे, म्हणजे मला या बाबतीत बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजते.

मला शिकवलं ते शेजारच्या नॅननं. सख्खी आजी नव्हे, पण गल्लीतली सगळी पोरं तिला नॅनच म्हणायची. ती तरुणपणी मागावर होती, मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही म्हणून त्या बायका ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या आणि समोरची ओठ वाचायची, त्याला तिकडे मी-मॉ म्हणतात. ती सवय नॅनची शेवटपर्यंत गेली नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि नॅनला मराठी, पण ही ओठांची भाषा आईला बरोब्बर कळायची, दोघी मागच्या यार्डच्या भिंतीवरून तासभर गप्पा मारायच्या, कशाच्या ते देव जाणे.

तर आता मुद्द्यावर. पेटवायच्या आधी तीन गोष्टी, त्या केल्याशिवाय काडी ओढायची नाही.

एक म्हणजे चिमणी साफ करून घ्यायची, माणूस बोलावून. जुन्या घरात वर पक्ष्यांची घरटी असतात, काजळी साठलेली असते, आणि अडलेल्या चिमणीचा धूर खोलीत येतो एवढंच असतं तर चाललं असतं, पण त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वासच नाही. म्हणून अलार्म लावायचा, चर्चा नाही. आमच्या वेळी अलार्म वगैरे काही नव्हतं, स्वीप, म्हणजे चिमणी साफ करणारा, यायचा तो मात्र ठरलेला. तो आला की आम्ही सगळी पोरं रस्त्यावर धावायचो, त्याचा ब्रश चिमणीच्या वरच्या तोंडातून कधी बाहेर येतो ते बघायला, पहिल्यांदा ज्याला दिसला तो ओरडणार. बास, एवढीच करमणूक, पण दिवसभर पुरायची.

दुसरी गोष्ट म्हणजे कोळसा कोणता. आम्ही जाळायचो तो साधा काळा चकचकीत कोळसा आता मिळणार नाही, १ मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये घरात जाळायला तो विकणंच बंद आहे. आता बिनधुराचं इंधन घ्यायचं, पिशवीवर रेडी टू बर्न असा शिक्का बघायचा. आणि आपला भाग स्मोक कंट्रोलमध्ये, म्हणजे धुरावर बंधन असलेल्या भागात, येतो का ते कौन्सिलच्या (तिकडच्या नगरपालिकेच्या) साइटवर बघून घ्यायचं, तिथे उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाचे ओंडके जाळायला परवानगी नसते. भाचीबाईंनी पहिल्याच दिवशी ओंडका लावला होता, असो. हे सगळं १९५२ च्या लंडनच्या त्या भयंकर धुरकट धुक्यानंतर सुरू झालं, १९५६ ला क्लीन एअर ॲक्ट आला, मग गावोगावच्या कौन्सिलनी एकेक भाग करत धूर बंद केला, आमच्या गल्लीपर्यंत यायला बराच वेळ लागला. मला लहानपणी खरंच वाटायचं की इंग्लंडातला दगडच काळा असतो. चर्च काळं, शाळा काळी, स्टेशन काळं. पुढे एक एक इमारत धुवायला लागले आणि आतून पिवळसर, मधासारखा दगड निघाला तेव्हा मी आईला म्हटलं यांनी रंग दिला, आई म्हणाली रंग काढला गं.

तिसरी गोष्ट, खाली गालिचा असेल तर गुंडाळून ठेवायचा आणि जाळीचा आडोसा हाताशी ठेवायचा. ठिणगी कधी उडेल सांगता येत नाही. आमच्या घरातल्या रगला इतकी भोकं होती की आई त्याला चाळणी म्हणायची.

आता खरं काम. पहिल्यांदा कालची राख. सळईनं जाळी हलवायची म्हणजे बारीक राख खालच्या ट्रेमध्ये पडते आणि जाळीवर अर्धवट जळलेले खडे राहतात, ते टाकायचे नाहीत!! ते बाजूला काढायचे, नवीन फायरमध्ये वरून घालायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पटकन पेटतात. नॅन तर राख चाळून खडे काढायची. राख लोखंडी बादलीत काढायची आणि घराबाहेर ठेवायची, प्लास्टिकच्या डब्यात अजिबात नाही, वरून थंड दिसते पण आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो. तिकडच्या चाकांच्या कचऱ्याच्या डब्यांवर अजून नो हॉट ॲशेस असं कोरलेलं दिसतं, नव्या पिढीला कळत नाही ते का लिहिलंय. बर्फ पडला की आम्ही ही राख दारासमोरच्या फुटपाथवर टाकायचो, घसरू नये म्हणून. मात्र कोळशाची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नका, लाकडाची चालते.

मग कागद. इथे सगळे चुकतात. चुरगळून गोळे करून कोंबतात, ते भस्सकन जळतात आणि संपतात. नॅनची पद्धत अशी, वर्तमानपत्राचं एक मोठं पान घ्यायचं, आमच्याकडे बोल्टन इव्हनिंग न्यूज, एका कोपऱ्यापासून तिरकं गुंडाळत जायचं म्हणजे लांब बारीक नळी होते, ती चापट दाबायची, मधे काटकोनात मोडायची, आणि मग दोन्ही टोकं आलटून पालटून एकमेकांवर घड्या घालत न्यायची, शेवटचं टोक आत खोचायचं. हातात एक छोटी जाड पट्टी राहते, मुलीच्या वेणीसारखी. आईनं एकदा बघितलं आणि म्हणाली, ही तर तिपेडी घालायची अर्धवट राहिली. असं घट्ट केलं की कागद हळू जळतो, जवळजवळ लाकडासारखा. अशा सहा-सात वेण्या लागतात. चकचकीत मासिकाचा कागद नको, तो जळत नाही नुसता काळा होतो आणि वास मारतो. या वेण्या मी रात्रीच रेडिओ ऐकत करून ठेवायची, सकाळी बोटं इतकी गारठलेली असायची की पान गुंडाळता यायचं नाही.

वेण्यांवर ढलप्या. सुकं लाकूड, अंगठ्याएवढं जाड, वीतभर लांब. दोन उभ्या, दोन आडव्या, परत दोन उभ्या, चौकट चौकट रचत जायचं म्हणजे मधून हवा खेळते. कोपऱ्यावरच्या दुकानात तारेनं बांधलेल्या जुड्या मिळायच्या, आम्ही बऱ्याचदा भाजीवाल्याकडून संत्र्यांची रिकामी खोकी मागून आणायचो आणि बाबा सुट्टीच्या दिवशी फोडून ठेवायचे. ओलं लाकूड नको, आता विकत घ्याल तर वीस टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेलंच घ्या. आणि बिनधुराचं इंधन जुन्या कोळशापेक्षा आळशी असतं, लवकर पेटत नाही, त्यामुळे मी सांगते त्याच्या दीडपट ढलप्या घ्या.

त्यावर कोळसा, पण लहान तुकडे, लिंबाएवढे, आणि एकेक करून हातानं ठेवायचे. फावड्यानं ओतायचे नाहीत! ओतलं की खालची चौकट बसते, हवा बंद, मग धूर. दहा-बारा तुकडे पुरे, त्यांच्यामधे मघाचे अर्धवट जळलेले खडे. हात काळे होतात, होऊ द्या.

आता काडी लावायच्या आधीची एक युक्ती, ही कुठल्या पिशवीवर लिहिलेली नसते. थंड दमट सकाळी चिमणीत गार हवा बुच मारल्यासारखी बसलेली असते, खालचा धूर वर जाऊच शकत नाही, तो सगळा खोलीत. म्हणून आधी कागदाचा एक बोळा पेटवून चिमट्यानं वर धुराड्याच्या तोंडाशी धरायचा, अर्धा मिनिट, तो वर खेचला जातोय असं वाटलं की समजायचं रस्ता मोकळा. मग खाली कागदाला तीन ठिकाणी पेटवायचं, डावीकडे, उजवीकडे, मधे. धुराड्याला झडप असेल तर ती पूर्ण उघडी आहे ना ते बघा, भाचीची बंद होती हे नंतर कळलं.

आणि मग हात मांडीवर ठेवून बसायचं. हेच कोणाला जमत नाही. सगळ्यांना सळई खुपसायची घाई. नॅन म्हणायची की दुसऱ्याच्या घरातली फायर हलवायची असेल तर आधी सात वर्षांची ओळख लागते, तिकडची जुनी म्हणच आहे ती. पंधरा-वीस मिनिटं काही करायचं नाही. ढलप्या तडतडतात, मग आवाज बसतो, मग कोळशाच्या कडा आधी राखाडी आणि मग लाल व्हायला लागतात, तेव्हा दुसरा थर, परत हातानं.

न पेटल्यास जुने लोक काय करायचे ते सांगते, पण हे करायचं नाही, फक्त ऐकायचं. फावडं जाळीवर उभं टेकवायचं आणि त्यावर वर्तमानपत्राचं पान असं पसरायचं की फायरप्लेसचं तोंड झाकलं जाईल. हवा फक्त खालून ओढली जाते आणि आतून वूऽऽऽ असा आवाज येतो, रेल्वे बोगद्यात शिरल्यासारखा, कागदातून नारिंगी उजेड दिसतो. कागदाच्या मधोमध बदामी डाग पडायला लागला, पोळीला पडतो तसा, की झटकन काढायचं. १९६९ च्या हिवाळ्यात मी त्या पानावर फुटबॉलची बातमी वाचत बसले आणि डाग मला दिसलाच नाही. पान पेटलं, माझ्या हातातून सुटलं आणि सरळ चिमणीत वर गेलं, काजळीनं पेट घेतला. चिमणीतून जो आवाज आला तो मी आजपर्यंत विसरलेले नाही. आई नुसती उभी. नॅन भिंतीपलीकडून आवाज ऐकून आली, मिठाचा डबा उचलला आणि मुठी भरभरून मीठ जाळीत फेकलं, विझली बाई. बाबा घरी आले तेव्हा घर थंड, आम्ही तिघी काळ्या, आणि जेवणात घालायला मीठ नाही. आज तुमच्या चिमणीला आग लागली तर मीठबीठ काही नाही, सगळ्यांनी बाहेर व्हायचं आणि ९९९ हा तिकडचा आणीबाणीचा नंबर लावायचा.

तो हिवाळा अजून एका कारणानं लक्षात आहे. १९६८ ते ७१ तिकडे एक प्रयोग चालला होता, हिवाळ्यातसुद्धा घड्याळं एक तास पुढेच ठेवायची. त्यामुळे डिसेंबरात सूर्य उगवायला सव्वानऊ वाजून जायचे, आम्ही शाळेत जायचो ते मिट्ट काळोखात, हाताला चमकणारे पट्टे बांधून. पहाटे उठले की खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी असायची, मी नखानं त्यावर मराठीत नाव लिहायची. कपडे पांघरुणाच्या आतच घालायचे, आणि मग यार्डात कोळसा आणायला. कोळशाची खोली संडासाला लागून, आणि आमचा संडास म्हणजे त्या भागातला खास प्रकार, साखळी ओढायची भानगड नाही, स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी खाली जमिनीत एका भांड्यात साठत राहायचं आणि भरलं की ते भांडं आपोआप कलंडायचं, धडाड्धूम! आत बसलेलं असताना आईनं मोरीत बादली ओतली तर काय होतं ते मी एकदाच अनुभवलं, त्यानंतर मी आधी ओरडून विचारायची, आई पाणी टाकू नकोस गं.

कोळसेवाला आठवड्याला यायचा, पाठीवर चामड्याचा तुकडा, एकेक पोतं हंड्रेडवेटचं, म्हणजे जवळपास ५१ किलो. तो पोती रिकामी करून गेला की आईचं काम रिकामी पोती मोजायची, कारण भरलेली मोजून काही उपयोग नाही, हे पण नॅननंच शिकवलं. आई भिंतीवर खडूनं रेघा मारायची, सोलापुरात दुधाच्या मारायची तशाच. आणि कोळसेवाल्यानं सोमवारी यायचं नाही. सोमवार कपड्यांचा, मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या आणि सगळ्यांच्या चादरी, त्यातून कोळशाची गाडी न्यायची म्हणजे बायकांच्या तोंडी सापडणं. एकदा नवीन माणूस चुकून सोमवारी आला. त्या दिवशी शिकलेले इंग्रजी शब्द मी शाळेत वापरले आणि माझ्या तळव्यावर पट्टी बसली.

फायर नीट लागली की घरात फक्त ती एक खोली गरम, तीही अर्धी. पुढून पापड भाजल्यासारखं आणि मागून कुल्फी. म्हाताऱ्या बायका रोज जवळ बसून बसून त्यांच्या नडग्यांवर लालसर जाळीचं डिझाइन उमटायचं, नॅनच्या पायांवर ते मी बोटानं गिरवत बसायची, मला वाटायचं नकाशा आहे. हल्ली मांडीवर लॅपटॉप ठेवून बसणाऱ्यांना तस्संच होतं म्हणे. तेव्हा जरा लांब बसा.

१९७२ च्या फेब्रुवारीत खाणकामगारांच्या संपामुळे वीज जायला लागली, भागाभागानं ठरलेल्या वेळी. आमचा कोळसाही संपत आलेला, पण नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलेली मंडळी, ज्यांच्याकडे सगळं विजेवर, ती संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसायची. इतकी वर्षं आम्हाला बिचारे म्हणणारे लोक मेणबत्ती घेऊन आमच्या जाळीसमोर, आईला इतका आनंद झाला होता की तिनं पोह्यांचा चिवडा काढला.

रात्री फायर दाबून ठेवायची पद्धत होती, कोळशाची ओली चुरी आणि चहाचा गाळ वरून थापायचा म्हणजे आत धग राहते आणि सकाळी नुसतं हलवलं की परत पेटते. आईला हे लगेच जमलं, चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवतात त्यातलंच आहे की. पण आता हे करू नका, कुढत जळणारी फायर म्हणजे रात्रभर तोच तो बिनवासाचा गॅस. झोपायच्या दोन तास आधी नवीन इंधन घालणं थांबवायचं, आडोसा लावायचा, पण झडप उघडीच ठेवायची, निखारे पूर्ण थंड होईपर्यंत.

आणि भाचीनं शेवटी विचारलंच, त्यावर पापड भाजता येतात का. आम्ही भाजायचो. सोलापूरहून पत्र्याच्या डब्यात आलेले उडदाचे, रविवारी संध्याकाळी, ज्वाळा पूर्ण बसून नुसते लालभडक निखारे उरले की ब्रेड भाजायच्या लांब काट्यावर पापड टेकवून, एका बाजूला चार सेकंद, दुसऱ्या बाजूला तीन. नॅनला तो प्रकार इतका आवडला की ती त्याला मोठी क्रिस्प, म्हणजे बटाट्याचा वेफर, म्हणायची आणि वरून व्हिनेगर शिंपडायची, आई तोंड फिरवून बसायची. पण हल्ली पिशवीतून येणाऱ्या त्या इंधनात काय काय दाबून भरलेलं असतं, त्यावर खायचं काही भाजू नकोस बाई. तुझ्याकडे मायक्रोवेव्ह आहे ना, एक मिनिट लाव.